आक्काचा धुरा

गंगाखेडहून निघालेली एस.टी. ओढ्याचा पूल ओलांडून वळली, तशी वैजयंती सवयीनं डावीकडच्या खिडकीला चिकटली. पूल गेला की रस्त्याला भिडलेली हिरवी भिंत दिसायची. हेकळ, चिल्हार, तरवड, त्यांच्या अंगावर चढलेले वेल, मधूनच डोकं वर काढलेली एखादी बोर. रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत गेलेली ती कुपाटी म्हणजे तिच्या माहेरच्या रानाची खूण. लग्न होऊन सोलापूरला गेल्यापासून ती खूण दिसली की वैजयंती उठून दाराशी उभी राहायची. कंडक्टरला काही सांगावं लागायचं नाही.

आज ती उठलीच नाही. सोयाबीनचं एकसलग रान खिडकीतून सरकत राहिलं, कुणाचं म्हणून तिनं पाहिलंही नाही, आणि गावाचा फाटा आला.

"बाई, शिवलिंगआप्पाच्या आखाड्याला उतरणार होता ना तुमी?" कंडक्टर म्हणाला. "मागं राह्यला की!"

फाट्यावर उतरून ती पिशवी सावरत उलटी चालू लागली. पावसानं उघडीप दिली होती आणि काळ्या रानातून दमट वाफ निघत होती. थोडी चालली नाही तोच समोरून शिवकांत मोटारसायकलवर आला. धाकटा भाऊ, लहानपणी तिच्याच कडेवर वाढलेला.

"आक्का, हितं कशी काय उतरलीस?"

"शिवा, कुपाटी कुठं गेली?"

त्यानं गाडी बंद केली नाही. "काढली की. दिवाळीच्या मागं. वाटणीच्या मोजणीला आडवी यायलती. जेसीबी लावला, एका दिसात मोकळं झालं."

"कुणी लावला?"

"दोघांनी मिळून." तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "अण्णाचं न् माझं एकमत झालं ते तेवढ्यावरच."

मागं बसल्यावर तो भाऊजींची, दुकानाची चौकशी करत राहिला. ती हूं हूं करत होती. वर्षभर ती इकडं फिरकली नव्हती. आई गेली, दिवसकार्य झालं, त्यानंतर आजच, वर्षाच्या पूजेला. मधल्या काळात फोन झाले, पंचमीची साडी पार्सलनं आली. कुपाटीचं मात्र कुणी बोललं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटलं नसेल.

आईची, नीलम्माची, समाधी धुऱ्यावरच होती, दोन वाट्यांमधल्या बांधावर, रानाच्या मधोमध. लिंगायताच्या घरातलं माणूस आपल्या मातीतच निजतं. गेल्या वर्षी खड्ड्यात आईला बसवलं तेव्हा वर हेकळाची दाट सावली होती, आणि वाऱ्यानं तरवडाची पिवळी फुलं आपोआप आत पडत होती. त्या रडारडीतही वैजयंतीच्या मनात येऊन गेलं होतं, की आई निदान आपल्या सावलीत आहे.

आता तो दगडी ओटा उन्हात उघडा पडला होता. दोन्ही अंगांनी सोयाबीनची तासं, पेरणीच्या ओळी, अगदी ओट्याला येऊन भिडली होती. धुरा म्हणून जी काही होती ती टीचभर रेघ, एका माणसालाही नीट पाय टेकता येऊ नये इतकी. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, मंत्र म्हटले. वडील, आप्पा, काठी मांडीवर आडवी घेऊन ओट्याशी बसले होते. वैजयंती हात जोडून उभी होती आणि पाहत होती: थोरला भाऊ मन्मथ, म्हणजे अण्णा, उत्तरेच्या बाजूला, आपल्या रानात, शिवकांत दक्षिणेच्या बाजूला, आपल्या रानात. मधे आई. प्रसाद देताना स्वामींनी शिवकांतच्या हातावर चुकून दोघांचा प्रसाद ठेवला, तेव्हा त्यानं अर्धा परत ओट्यावर ठेवला. भावाकडं हात पुढं केला नाही.

तिला आईचं निरोप देणं आठवलं. नीलम्मा फाट्यापर्यंत कधीच यायची नाही. कुपाटीच्या रस्त्याकडच्या टोकाला, तरवडापाशी उभी राहायची. बस वळेपर्यंत तिचं लुगडं त्या हिरव्या-पिवळ्यात दिसायचं; मग लुगडं कुठलं आणि झाड कुठलं ते कळेनासं व्हायचं. त्यामुळं वैजयंतीला दर खेपेला वाटत राहायचं, की आई अजून उभीच आहे. परळी मागं पडायची, लातूर जायचं, तरी आई उभीच.

जेवणं आखाड्यावर, रानातल्या घरी झाली. पुरणपोळी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. स्वामी गेले. आप्पा लिंबाखाली बाजेवर आडवे झाले. वैजयंती हात धुवायला बोअरपाशी गेली, तर मागोमाग शिवकांतची बायको अर्पिता आली. गोड बोलणारी, नेटकी.

"आक्का, उद्याचं ध्यानात हाय ना? गंगाखेडला."

"हाय की. हक्कसोडीवर सही करायची."

"सहीच्या आदी इचार करा, एवढंच म्हणते मी." अर्पितानं आवाज खाली आणला. "हिरीकडचं रान अण्णांनी घेतलं, आमाला हे बोअरचं. बोअर उन्हाळ्यात गुळण्या टाकतो. तुमी हक्क मागितला, न् हिरीकडचाच मागितला, तर आमी तुमच्या बाजूनं हाव. यायनीबी म्हणायलेत तसं."

वैजयंतीनं हात धुतले. परत आली तर थोरली वहिनी महानंदा उष्टी काढत बसलेली. मोठ्या हाडाची, कमी बोलणारी बाई. तिनं पाट पुढं सरकवला.

"बसा वैजूताई. सही करून टाका उद्या. मी हाय तवर तुमचं साडीचोळीचं कदी चुकायचं न्हाई."

"पार्सलनं?"

महानंदा पुन्हा उष्ट्याकडं वळली. ताटं एकात एक ठेवताना तिचे तळवे दिसले. काळे पडलेले, भेगाळलेले, भेगांत अजून काळ्या रेषा.

"हाताला काय झालं वैनी?"

"गोंडे चोळून." महानंदानं हात पदराखाली घेतला. मग सांगावंसं वाटलं असेल, कारण तिनं पुन्हा बाहेर काढला. "कांद्याचं बी करायला घेतलंय ना यायनी, कंपनीसाठी. पयले दोन वर्सं गोंडा असा भरायचा, हातात घेतला की खुळखुळायचा. औंदा फुलं आली, पर माश्याच न्हाईत. मोहळाची एक माशी फिरंना. कंपनीचा माणूस आला न् म्हणला, बायका लावा, हातानं चोळा, ह्या गोंड्याचं त्या गोंड्याला लागू द्या. माघापासून शिमगा होऊस्तोवर मी न् रोजाच्या बाया सकाळच्याला वाफ्यांनी फिरायलो. डोळ्यांची आग, हाताची आग. झोपेतबी हात चोळायले मी."

"मग भरलं?"

"कुठलं. निम्मं पोचट."

"माश्या कुठं गेल्या, वैनी?"

महानंदानं तिच्याकडं पाहिलं, मग उघड्या रानाकडं. "तुमालाबी माहीत हाय कुठं होत्या ते."

उन्हं कलल्यावर मन्मथनं सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. तो घरचा कर्ता, आईपेक्षा आप्पांवर गेलेला, शब्द तोलून बोलणारा. शिवकांत बाजेच्या दुसऱ्या टोकाला, पाठ अर्धी वळवून बसला. दोघं एकमेकांशी बोलायचे ते आप्पांना उद्देशून. आप्पा मधे टपाल पोचवणाऱ्यासारखे.

"आप्पा, उद्या धाला निघू," मन्मथ म्हणाला. "वैजूची सही झाली की दोघांचे सातबारे मोकळे होतेत."

"आक्काला कुणी इचारलं का पण?" शिवकांत म्हणाला. "का नुसतं सही कर, सही कर?"

"मला काय इचारायचं ते इचारा की," वैजयंती म्हणाली. "मी हितंच बसलेय."

मन्मथ तिच्याकडं वळला. "बोल. तुला काय पायजे? मी कदी न्हाई म्हणलो?"

हे बोलायचं तिनं ठरवून आणलं नव्हतं. दुपारी ओट्यापाशी उभं असताना ते मनात आलं आणि तेव्हापासून गेलं नव्हतं.

"मी सही करते. दोघांच्याबी नावानं. मला रान नको, हिरीकडचं नको न् बोअरकडचं नको. मला धुरा पायजे."

कुणाला समजलं नाही.

"कशाचा धुरा?" मन्मथ म्हणाला.

"तुमच्या दोघांच्या मधला. रस्त्यापासून ओढ्यापोतर. बैलगाडी जाईल एवढा रुंद, अर्धा तुझ्यातला, अर्धा शिवाच्यातला. त्यावर मी कुपाटी लावणार."

अर्पिताच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. शिवकांत खुदकन हसला आणि लगेच थांबला, कारण बहीण हसत नव्हती.

"वैजू, येड्यावाणी करू नको," मन्मथ म्हणाला. "कुपाटी काढायला किती तरास पडला ठाऊक हाय का? मुळ्या पार आतपोतर. साप निघाले. रानडुकरं तिथंच बसायची. न् सावली? कुपाटी माजली की हिवाळाभर सावली माझ्या अंगाला. सूर्य दक्षिणेला कलतो, सगळी सावली उत्तरेला. मपल्या कांद्याचे वाफे तिथंच. शिवाचं काय जायलंय?"

"आप्पा, इचारा त्याला," शिवकांत म्हणाला, "सावली होती तवा कांद्याचं बी भरायलतं का न्हाई? कुपाटी गेली न् गोंडे पोचट झाले. दोष मात्र आमच्या फवाऱ्याला."

"फवारा तू ऐन फुलात मारला! भर दुपारी!"

"न् जेसीबीवाल्याला फोन कुणी लावला?"

"तू डिझेल आणलं!"

"आयकलं का आप्पा? आयकलं?"

आप्पा आढ्याकडं पाहावं तसे लिंबाच्या फांदीकडं पाहत होते. वैजयंतीला वाटलं, आई असती तर ती दोघांच्या मधे नुसती येऊन भाजी निवडत बसली असती, आणि आवाज आपोआप खाली आले असते. आई कधी मधे पडून भांडण सोडवत नसे, नुसती मधे असायची.

"द्या त्यांना धुरा," महानंदा म्हणाली.

मन्मथनं चमकून बायकोकडं पाहिलं. चारचौघांत ती त्याच्याविरुद्ध बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"तुला काय कळायलंय त्यातलं?"

"गोंडे मी चोळले. तुमी चोळले का?" तिनं दोन्ही तळवे पुढं धरले. "अजून एक हिवाळा माझ्यानं व्हायचं न्हाई. रोजाच्या बायाबी म्हणल्या, आता यायच्या न्हाईत. द्या त्यांना. दोन तासं गेली तर जाऊ द्या."

मन्मथ बराच वेळ तिच्या हातांकडं पाहत राहिला. त्यानं ते माघातही पाहिले असणार. पण असे कुणी समोर धरले नव्हते.

"ठीक हाय," तो शेवटी आप्पांकडं पाहून म्हणाला. "माझ्या अंगानं मी देतो. अर्धं. सावलीचं मग बघता येईल. पर अर्धं त्यानं द्यायला पायजे. मी एकटा देणार न्हाई."

सगळ्यांनी शिवकांतकडं पाहिलं. वैजयंतीनं पाहिलं नाही, कारण त्याची तिला काळजीच नव्हती. हा तिच्या कडेवरचा. ह्यानं तिच्यासाठी बोराच्या काट्यांत हात घातलेले.

"न्हाई," शिवकांत म्हणाला.

आधी अर्पितानं सुटकेचा श्वास सोडला. मग तिलाही ते फार मोठ्यानं झालं असं वाटलं असावं. ती उठून चुलीकडं गेली.

"शिवा?"

"तुला रान पायजे तर माग आक्का. ओढ्याकडचा तुकडा माग, बोअरपसला माग, मी आत्ता देतो. ही उठून गेली तरी देतो. पर धुरा न्हाई द्यायचा तुला." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "आमचं जे भांडण हाय ना, ते समदं त्या रेघेवर हाय. उद्या तिथं तू बसलीस तर कुपाटीची फांदी तिकडं गेली म्हणून तो तुला बोलल, मुळी हिकडं आली म्हणून माझ्या घरात तुझं नाव निघल. एक दोन वर्सं चालल. मग तू यायची बंद होशील."

"मी आत्ता तरी कुठं यायलेय?"

शिवकांत बाजेचं सुंभ नखानं खरवडू लागला.

"आई होती तवा मी यायले," वैजयंती म्हणाली. "कामून येऊ, असं कदी मनात आलं न्हाई. आई हाय, म्हणून. आता तुमी दोघं चांगले हाव, वैनी चांगल्या हायत, अर्पिता चांगली हाय. जेवायला वाढताव. पर मी आले तर कुणाकडं आले? अण्णाकडं उतरले तर तुला राग, तुझ्याकडं उतरले तर त्याला. सोलापुरात गॅलरीत दोन कुंड्या हायत माझ्या. कढीपत्ता लावलाय. सकाळी त्याला पाणी घालताना रोज वाटतं, ह्या वक्ताला कुपाटीत तांबट बोलायला असल. मला तेवढंच पायजे होतं शिवा. जाऊन बघावं असं काय तरी. माझं म्हणून."

तिचा आवाज फुटला नाही. तसा तो फुटला असता तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

आप्पा बाजेवर उठून बसले. दिवसभरात ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"मोजणीवाला आला तवा मी तिथं उभा होतो," ते म्हणाले. "त्यानं साखळी वढली. रेघ कुठनं गेली, बघितलं का कुणी तुमी? ओट्यावरनं गेली. तुमची आई अर्धी ह्याच्यात निजलीय न् अर्धी त्याच्यात."

काठी टेकत ते आत गेले.

सभा तशीच मोडली. शिवकांत मोटारसायकलला लाथ घालून निघून गेला. अर्पिता जाताना वैजयंतीच्या पाया पडली आणि त्याच्या मागं चालत गेली. मन्मथ म्हणाला, "उद्या धाला," आणि तोही उठला. सही होणार होती. तिनं शब्द दिला होता, आणि मोबदला मिळाला नाही म्हणून तो मागं घेण्याची तिची रीत नव्हती.

दिवस मावळायला वेळ होता. महानंदानं कोयता उचलला.

"चला वैजूताई. ओढ्याला निरगुडी माजलीय. फाटे तोडून आणू."

"कशाला आता?"

"माझ्याकडंच्या अंगानं लावू. वीतभर जागा तर असल. ते काय म्हणायचं ते म्हणू देत."

ओढ्याच्या काठानं जुन्या कुपाटीचं थोडं उरलं होतं, जेसीबी तिथवर पोचला नव्हता. निरगुडीला निळसर तुरे आले होते, आणि त्यांच्याभोवती बारीक गुणगुण चालू होती. काळ्या पाठीचा एक भुंगा एका तुऱ्यावर उतरला. तुरा त्याच्या वजनानं खाली लवला आणि तो उडाला तसा पुन्हा वर आला. दोघी नणंदा-भावजया कोयता हातात धरून तिथं पाहत उभ्या राहिल्या. जुनं मोडून नवं काहीतरी करावं, असल्या गोष्टी माणसं करतात. ह्या जिवांना नुसतं वर्षभर काही ना काही फुललेलं लागतं. कांदा तर महिनाभर फुलतो. बाकीच्या दिवसांत त्यांनी खायचं काय आणि राहायचं कुठं, हे त्या दिवाळीनंतर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मेंदीबी लावू," महानंदा म्हणाली. "न् चिल्हाराच्या शेंगा दिसायल्यात वर. बी धरा पदरात."

वैजयंतीनं पदर धरला. वहिनी आणि ती एवढ्या वर्षांत इतका वेळ एकत्र कधी नव्हत्या. हक्क, मान, साडीचोळी ह्यांच्या पलीकडं त्यांच्यात कधी बोलणं झालं नव्हतं. महानंदानं फाटे ओल्या पोत्यात गुंडाळले आणि पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"सासूबाई मला एकदा म्हणल्या होत्या," ती चालता चालता म्हणाली, "की हे घर सोडून कुठं जावंसं वाटलं, तर कुपाटीपोतर जा, न् मग माघारी ये. मी लय बार गेले."

सकाळी गंगाखेडला निघायच्या आधी थोडं तरी लावून व्हावं म्हणून वैजयंती उजाडताच एकटी निघाली. पोतं कमरेवर, हातात खुरपं. सोयाबीनवर दंव होतं आणि चालताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. रस्त्याच्या टोकाशी पोचली, तर तिला वाटलं रानात डुक्कर शिरलं आहे. पिकात काहीतरी हलत होतं.

शिवकांत होता. पायात काही नाही, पायजमा वर खोचलेला. वाकून तो सोयाबीन उपटत होता.

गुडघ्याएवढं आलेलं पीक. आणखी आठवड्यात फुलाला आलं असतं. त्यानं बहुधा अंधार असतानाच सुरुवात केली असावी, कारण रस्त्यापासून समाधीपर्यंतची दोन तासं उताणी पडली होती, मुळांना काळी माती लगडलेली, आणि तो तिसऱ्याला लागला होता. उभं पीक उपटताना शेतकऱ्याचे हात कसे चालतात ते वैजयंतीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते भराभर चालत होते. थांबले तर पुन्हा चालणार नाहीत, असे.

"शिवा," ती म्हणाली. "अरे, काय करायलास?"

त्यानं मान वर केली नाही. "दोन्ही अंगानं अर्धं अर्धं न्हाई द्यायचं," तो म्हणाला. "समदं माझ्याकडंच्या अंगानं घे."

"काल तर न्हाई म्हणलास."

"काल धुरा मागितलास तू. धुरा न्हाईच देत. हे माझं रान हाय, मी तुला माझ्या रानातलं द्यायलोय. मोजणीच्या रेघेला शिवायचं न्हाई." त्यानं मूठभर रोपं उपटून बाजूला टाकली. "कुपाटी हिकडं सरकून आली की हिवाळ्यातली सावली हितंच पडती. माझ्याच पट्ट्यात. अण्णाच्या कांद्यापोतर पोचायची न्हाई."

तिनं उत्तरेकडं पाहिलं. पलीकडच्या रानात, विहिरीच्या वाटेवर, मन्मथ उभा होता. सकाळी पाण्याची मोटार चालू करायला आलेला असावा. कधीपासून पाहत होता कुणास ठाऊक.  मग तो विहिरीकडं गेला नाही. सरळ पिकातून, तासं मोडणार नाहीत असे पाय टाकत, धुऱ्याकडं आला. रेघेशी येऊन थांबला. त्या बाजूला धाकटा भाऊ वाकलेला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"मुळीसकट उपट," मन्मथ म्हणाला. "नुसतं वरनं तोडशील तर परत फुटल." हे तो आप्पांना उद्देशून बोलला नाही. आप्पा तिथं नव्हतेच.

शिवकांतचे हात थांबले. "मुळीसकटच उपटायलोय."

"तिकडचं राह्यलं."

"यायलोय की तिकडं."

मन्मथनं चपला काढून आपल्या बाजूला ठेवल्या आणि रेघ ओलांडली. तो शिवकांतच्या शेजारी वाकला नाही. एक तास सोडून पलीकडच्याला लागला. दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं. पण दोघांच्या हातांची लय सारखी होती, आप्पांची होती तीच, आणि ते दोघं समाधीच्या पुढं, ओढ्याच्या दिशेनं सरकत गेले.

वैजयंती पोतं सोडून ओट्यापाशी बसली. खुरप्यानं माती उकरली. माती ओली, भुसभुशीत, हाताला गार. निरगुडीचा पहिला फाटा तिनं तिरपा खोवला आणि दोन्ही तळव्यांनी भोवतालची माती दाबली. मग दुसरा. घड्याळ कुणी पाहिलं नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा आखाड्याच्या वाटेवर महानंदा भाकरीचं पेंडकं घेऊन येताना दिसली, आणि तिच्या मागं अर्पिता, कडेवर पाण्याची कळशी.

"धा वाजून गेले," वैजयंती म्हणाली. "गंगाखेडचं राह्यलं आज."

"हापिस काय पळून जायलंय?" शिवकांत दूरवरून म्हणाला. तो आता पार ओढ्याजवळ होता, आणि त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "उद्या जाऊ. न्हाई तर परवा. हे व्हायलाच दोन दिस लागतेत. तू राहा."

"कुणाकडं राहू?" तिनं विचारलं. चिडवायचं म्हणून नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

दोन्ही भावांनी माना वर केल्या. आधी एकमेकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं.  अर्पितानं कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि तिच्या हातातून निरगुडीचा फाटा घेतला.

"हे कितीक अंतरानं लावायचं, आक्का?" तिनं विचारलं.

वैजयंतीनं वीत टाकून दाखवली.